मधल्या सुट्टीत : चारिझार्ड खेळायला घ्यायचा का?



शनिवार होता. सकाळची शाळा. मधली सुट्टी झाली, मी डबा उघडला, पहिला घास तोंडात घालते न घालते तोच सहावीच्या वर्गातून दोघं धावत आले. "बाई, चला लवकर! तिकडे जोरदार भांडण लागलंय!"

घास तसाच गिळून मी वर्गात गेले. बघते तर काय, तिसऱ्या बाकावरचे दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. एकाचे डोळे लाल, दुसऱ्याचे गाल फुगलेले. आणि बाकावर पडलेलं एक कार्ड. सोनेरी स्केचपेननं रंगवलेला, पंख पसरून आग ओकणारा ड्रॅगन. चारिझार्ड!

तुमच्यापैकी अर्ध्यांनी आता कान टवकारले असणार, आणि उरलेले म्हणतील, "हे काय नवीन?" थांबा, सगळं सांगते. मुलांची नावं मात्र सांगणार नाही. कार्ड ज्यानं आणलं त्याला आपण चारिझार्डवाला म्हणू. त्याच्या बाकावरचा तो त्याचा जोडीदार.

आधी ही कार्डं आमच्या वर्गात आली कुठून ते ऐका. आमच्या शाळेसमोरच्या दुकानात पोकेमॉनच्या कार्डांची पाकिटं मिळतात. चकचकीत, सोनेरी. पण त्यांवर छापलेले आकडे असे काही अचाट की खेळायचं कसं तेच कळत नाही. पोरं आपली "माझा आकडा मोठा, तुझा छोटा" एवढंच करत बसायची. मला वाईट वाटलं. कारण या कार्डांचा खरा खेळ मला ठाऊक होता. लहानपणी सुट्टीत मुंबईला मावशीकडे गेले की मावसभावाबरोबर मी तो खेळायची. डोकं लावायला लावणारा खेळ आहे हो!

हा खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला आणि १९९९ च्या जानेवारीत इंग्रजीतून अमेरिकेत आला. त्या पहिल्या इंग्रजी संचात १०२ कार्डं होती. मी त्यांतली निवडक कार्डं मराठीत लिहून काढली. पुठ्ठा कुठला? तर जुन्या लग्नपत्रिकांचा! लग्नसराई नुकतीच संपली होती, प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग. मुलांनी त्या कापल्या, मागची कोरी बाजू वर घेतली, चित्रं काढली, आकडे लिहिले. प्रत्येक बाकाला एक कॅट. दोघांत मिळून एक. हे 'दोघांत मिळून' लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

आता नियम, अगदी थोडक्यात. कॅट साठ पानांचा. एकच कार्ड चारपेक्षा जास्त वेळा घालायचं नाही, फक्त साध्या एनर्जीला ही अट नाही. पिसून सात पानं हातात घ्यायची, सहा पानं बक्षीस म्हणून उपडी बाजूला ठेवायची. समोरच्याचा एक गडी बाद केला की आपलं एक बक्षीस उचलायचं. सहाही उचलली की डाव जिंकला. दर खेळीला एक पान ओढायचं आणि आपल्या एका गड्याला एकच एनर्जी लावायची. एकच! हा नियम म्हणजे या खेळाचा कणा आहे.

काही गडी थेट मैदानात उतरतात. काहींना पायऱ्या चढाव्या लागतात. चारिझार्ड तसा आहे. आधी छोटा चारमँडर मांडायचा, मग त्यावर चारमेलियन, मग त्यावर चारिझार्ड. आणि ज्या खेळीत मांडला त्याच खेळीत पुढची पायरी चढता येत नाही.

तर झालं असं. चारिझार्ड वर्गात एकच ठेवायचा असं मी ठरवलं होतं. चिठ्ठी टाकली. तो पहिल्या बाकावरच्या मुलीला लागला. ती वर्गाची चित्रकार. तिनं तो असा काही रंगवला की बघत राहावं. चारिझार्डवाल्याला चैन पडेना. शेवटी शुक्रवारी त्यानं सौदा केला. एका चारिझार्डच्या बदल्यात चार हिटमॉनचॅन आणि चार इलेक्टाबझ. एकाला आठ! रिकाम्या आठ जागांत एक चारिझार्ड, चार चारमँडर आणि तीन चारमेलियन भरले. छोटे गडी सामायिक डब्यात होतेच.

शनिवारी सकाळी तो पाच डाव खेळला आणि पाचही हरला. जोडीदाराला आठ कार्डं गेल्याचं तेव्हाच कळलं. पुढच्या शनिवारी वर्गाची स्पर्धा होती.

"बाई, सौदा रद्द करा!" जोडीदार म्हणाला.

"बाई, सौदा म्हणजे सौदा!" चित्रकार म्हणाली.

"बाई, चारिझार्ड भारीच आहे, माझं नशीबच खराब!" चारिझार्डवाला म्हणाला.

मला खरं तर ओरडायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं, की 'एकाला आठ देतं का कुणी, वेडा कुठला!' पण गिळलं. कारण माझी मला एक गोष्ट आठवली. ती पुढे सांगते. मी म्हटलं, "सुट्टीनंतर गणिताचा तास आहे ना? आज वादविवाद घेऊ. विषय : चारिझार्ड खेळायला घ्यावा की नाही? सौद्याचं त्यानंतर बघू."

बाकं सरकवली. एक बाजू 'घ्यावा', एक बाजू 'घेऊ नये'. पहिला वक्ता उठला तो थेट "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणूनच! वर्ग हसला. ताण जरा सैल झाला.

घ्यावा म्हणणाऱ्यांचे मुद्दे ऐका. चारिझार्डचा एचपी, म्हणजे जीव, १२०. त्या पहिल्या संचात याहून जास्त जीव कुणालाच नाही. त्याचा हल्ला 'फायर स्पिन' एका फटक्यात १०० चा. बहुतेक गडी एकाच फटक्यात आडवे. वर त्याच्याकडे एक खास शक्ती आहे. त्याला लावलेली कुठलीही एनर्जी, विजेची असो की पाण्याची, तो त्या खेळीपुरती अग्नीची करून घेऊ शकतो. "म्हणून तर मी कॅट न बदलता त्याला घेतलं," चारिझार्डवाला मध्येच म्हणाला. हे मात्र त्याचं डोकं चाललं होतं, मानलं पाहिजे.

मग विरुद्ध बाजूची एक मुलगी उठली. वर्गात तिला आम्ही हिशेबनीस म्हणतो. तिनं न बोलता खडू उचलला आणि फळ्यावर दोन रकाने आखले. एकात चारिझार्ड, दुसऱ्यात हिटमॉनचॅन.

हिटमॉनचॅन साधा गडी. जीव ७०. पायरी नाही, थेट मैदानात. एका एनर्जीवर २० चा ठोसा, तीन एनर्जींवर ४० चा. दर खेळीला एक एनर्जी लावत गेलं तर पहिल्या खेळीत २०, दुसऱ्या खेळीत २०, तिसरीपासून पुढे ४०, ४०, ४०.

चारिझार्डच्या फटक्याला चार एनर्जी लागतात. म्हणजे चौथ्या खेळीपर्यंत वाट बघा. फटका मारला की त्याच्या अंगावरची दोन एनर्जी कार्डं टाकून द्यावी लागतात. उरल्या दोन. पाचव्या खेळीत तीन, सहाव्या खेळीत चार. तेव्हा दुसरा फटका.

आता बेरीज करा. वही घ्या, खरंच करा.

तिसऱ्या खेळीअखेर हिटमॉनचॅनचे ८०, चारिझार्डच्या फटक्याचा शून्य. फार तर खालच्या पायऱ्यांवरचे गडी थोडंफार ओरबाडतील. सहाव्या खेळीअखेर हिटमॉनचॅन २०+२०+४०+४०+४०+४०, म्हणजे २००. चारिझार्ड १००+१००, म्हणजे २००.

वर्गात एकदम शांतता. सारखेच!

"आणि अध्यक्ष महाशय," हिशेबनीस म्हणाली, "समोरच्याचा जीव ७० असेल तर शंभरच्या फटक्यातले तीस वाया जातात. पाटीभर पाणी ओतलं तरी तांब्यात तांब्याएवढंच राहतं."

टाळ्या पडल्या. पण घ्यावा म्हणणारे गप्प बसणारे नव्हते. त्यांच्यातला एक उठला. "आठव्या खेळीपर्यंत मोजा! चारिझार्डचे तीन फटके, ३००. हिटमॉनचॅनचे २८०. चारिझार्ड पुढे! आणि शिवाय हिटमॉनचॅन चारिझार्डशी लढेल तेव्हा काय? चारिझार्डला लढाऊ गड्यांचा मार ३० नं कमी बसतो. वीसच्या ठोशाचे शून्य, चाळीसचे दहा! हिटमॉनचॅन त्याला फक्त गुदगुल्या करेल!"

हा मुद्दा बिनतोड होता. फळ्यावर दोन गड्यांचा हिशेब मांडताना हिशेबनीस एक गोष्ट विसरली होती, ती म्हणजे समोर कोण आहे. कार्डाची किंमत एकट्या कार्डात नसते, समोरच्याच्या हातातही असते. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओठ चावत होती. मग म्हणाली, "पण म्हणूनच तर कॅटमध्ये इलेक्टाबझही असतो. त्याचा मार कमी होत नाही. ३० नाहीतर ४०. तीन-चार फटक्यांत चारिझार्ड खलास. आणि समोर ब्लास्टॉइज असेल तर? चारिझार्डला पाण्याचा मार दुप्पट बसतो. ब्लास्टॉइजचा पूर्ण जोराचा फटका ६० चा, त्याचे होतात १२०. एका फटक्यात पूर्ण चारिझार्ड!"

मग दुहेरी एनर्जीचा मुद्दा आला. एक कार्ड असं आहे की ते एकटंच दोन एनर्जींचं काम करतं. चारिझार्डची शक्ती त्याही एनर्जी अग्नीच्या करते. शिवाय एक कार्ड असं आहे की त्यानं मधली पायरी गाळून चारमँडरवर थेट चारिझार्ड ठेवता येतो. सगळं जुळून आलं तर दुसऱ्याच खेळीत शंभरचा फटका! घ्यावा म्हणणारे बाकावर चढायचेच बाकी होते.

"कार्डावरची ओळ वाचा," जोडीदार पहिल्यांदाच बोलला. तोवर तो कोपऱ्यात बसून होता. "दोन एनर्जी *कार्डं* टाका, असं लिहिलंय. दोन दुहेरी कार्डं लावली असतील तर दोन्ही जाणार. म्हणजे चारही एनर्जी गेल्या. मग पुन्हा शून्यापासून."

मुलांनो, ही ओळ मी स्वतः लिहिली होती, तरी माझ्या लक्षात आली नव्हती. कार्ड खेळायला घ्यायचं की नाही हे ठरवायचं असेल तर त्याचं चित्र बघण्याआधी त्याची बारीक अक्षरं वाचावीत, हे मला त्या दिवशी माझ्याच विद्यार्थ्यानं शिकवलं.

त्यानं आणखी एक सांगितलं. समोरच्याची एक एनर्जी काढून टाकायची कार्डं आहेत. स्वतःची एक देऊन समोरच्याच्या दोन काढायचीही आहेत. जुन्या नियमात अशी कार्डं एका खेळीत हवी तेवढी खेळता येत. म्हणजे तुम्ही चार खेळ्या घालवून चारिझार्डला चार एनर्जी लावल्यात, आणि समोरच्यानं एका खेळीत तीन काढून घेतल्या, तर? हिटमॉनचॅनची एक एनर्जी गेली तर तो पुढच्या खेळीत दुसरी लावून लगेच ठोसा मारतो. चारिझार्ड बसतो आकाशाकडे बघत.

शेवटी मी स्वतः उठले. म्हटलं, एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तो येतो का हातात?

साठ पानांत चारिझार्ड एक. सुरुवातीला सात पानं हातात. पाच खेळ्यांत आणखी पाच. झाली बारा. साठातली बारा, म्हणजे पाचातलं एक. जास्तीची पानं ओढून देणारी कार्डं मिळाली नाहीत तर पाच डावांतल्या एका डावात तो पाचव्या खेळीपर्यंत हातात येईल. आणि सहा बक्षिसांत तो अडकण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे दहा डावांतल्या एका डावात तो बक्षिसांखाली झाकलेला. उलट चार हिटमॉनचॅन असतील तर? पहिल्या सात पानांतच किमान एक तरी असण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास. (हे गणित जरा वरच्या इयत्तेचं आहे. आठवी-नववीच्या ताई-दादांना विचारा.)

मी चारिझार्डवाल्याला विचारलं, "सकाळच्या पाच डावांत तो किती वेळा मैदानात आला रे?"

तो खाली बघत म्हणाला, "एकदा."

"मग तुझं नशीब खराब नव्हतं, बाळा. हिशेबाप्रमाणेच झालं."

अमेरिकेतल्या पोरांनीही १९९९ साली हाच वाद घातला. तिथल्या स्पर्धांत जो कॅट गाजला त्याचं नाव होतं 'हेमेकर', म्हणजे जोरदार ठोसा. त्यात कोण होते सांगा बघू? हिटमॉनचॅन, इलेक्टाबझ आणि सायथर. सगळे साधे, सगळे ७० जीवाचे, सगळे थेट मैदानात उतरणारे. आणि जोडीला एनर्जी काढणारी कार्डं. चारिझार्ड बहुतेक वेळा घरी अल्बममध्ये बसलेला असायचा.

पण किंमत विचाराल तर? मित्सुहिरो अरिता या चित्रकारानं काढलेला तोच चारिझार्ड, पहिल्या छपाईचा आणि जराही ओरखडा नसलेला, २०२२ साली ४,२०,००० डॉलरला विकला गेला. रुपयांत तीन कोटींच्या वर! गंमत म्हणजे हिटमॉनचॅनही त्याच संचातलं चकचकीत, दुर्मीळ कार्ड होतं. अकरा कार्डांच्या पाकिटात दुर्मीळ कार्ड एकच निघे, तेही कधी चकचकीत, कधी साधं. तरी हिटमॉनचॅनला तेवढे पैसे कुणी देत नाही. म्हणजे नुसतं दुर्मीळ असून भागत नाही, लोकांचा जीव जडावा लागतो.

म्हणजे 'भारी' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. बाजारात भारी, डावात भारी आणि मनात भारी. चारिझार्ड पहिल्या आणि तिसऱ्या अर्थानं भारी आहे. आपली गडबड होते ती या तिन्ही एकच समजण्यात.

आणि या गडबडीत माझाही हात होता. वर्गात चारिझार्ड एकच ठेवायचा, हे कुणी ठरवलं? मी! मी तो एकच ठेवला म्हणून तो हवाहवासा झाला. चार-चार ठेवले असते तर कुणी एकाला आठ दिली असती का? हे मी वर्गासमोर कबूल केलं. बाईंचं चुकलं म्हटल्यावर पोरांना काय आनंद होतो म्हणून सांगू!

आता माझी गोष्ट. मी चौथीत होते तेव्हा कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं फार चालायची. उंची, वजन, छाती यांचे आकडे लावायचे, ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचं कार्ड घ्यायचं. मी अंडरटेकरच्या एका कार्डासाठी बारा रंगांची नवी पेटी देऊन टाकली. आईनं दिवाळीला घेतलेली. आणि मग काय झालं ठाऊक आहे? हरले तर कार्ड जाईल या भीतीनं मी ते कधी खेळायला काढलंच नाही. कंपासपेटीत तळाशी ठेवलं होतं. चित्रकलेच्या तासाला मात्र वर्षभर शेजारणीचे रंग मागत बसले. म्हणून त्या दिवशी मी त्याला वेडा म्हटलं नाही. म्हणायचा मला अधिकारच नव्हता.

तर वादविवादाचा निकाल काय लागला? हात वर करायला सांगितले. एकटा चारिझार्ड स्पर्धेत घेऊ नये, असं वर्गानं ठरवलं. पण घ्यावा म्हणणाऱ्यांची एक सूचना सगळ्यांनी मान्य केली. ज्याला चारिझार्डच खेळायचा आहे त्यानं सगळा कॅट त्याच्यासाठी बांधावा. चार चारमँडर, तीन-चार चारिझार्ड, पायरी गाळणारं कार्ड, चार दुहेरी एनर्जी, पानं ओढायची कार्डं. एक मुलगा म्हणाला, "बाई, नुसता नवरदेव घोड्यावर बसवून चालत नाही. बँड लागतो, वऱ्हाड लागतं!" लग्नपत्रिकांवर खेळणारी मुलं ती, दुसरं काय बोलणार?

इथे एक नवी गोष्टही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई जुन्यातच रमतात. २०२३ साली चारिझार्डचं एक नवं कार्ड आलं, चारिझार्ड ईएक्स. जीव ३३०. हातातून ते मांडून पायरी चढलात की कॅटमधून अग्नीच्या तीन साध्या एनर्जी शोधून लगेच लावता येतात. आणि हल्ल्याला लागतात फक्त दोन! समोरच्यानं जितकी बक्षिसं घेतली असतील तितका त्याचा मार वाढतो, म्हणजे तुम्ही हरायला लागलात की हा चिडतो. हा चारिझार्ड २०२३-२४ मध्ये मोठमोठ्या स्पर्धांत वरच्या फळीत खेळला. बघा, जुन्याचं दुखणं होतं एनर्जी जमवण्याचं, तेच नव्यात दूर केलंय. म्हणून कुणी विचारलं, "चारिझार्ड चांगला का?" तर उलट विचारा, "कुठला चारिझार्ड? काय लिहिलंय त्यावर?"

राहता राहिला सौदा.

मी जोडीदाराला विचारलं, "आता कळलं ना कार्ड कसं आहे ते? तुझं म्हणणं काय?"

तो म्हणाला, "बाई, कार्डाचं राहू द्या. यानं मला विचारलं का नाही?"

चारिझार्डवाला बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालोच असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

वर्ग चिडीचूप. मीही काही बोलले नाही. मुलांनो, खरं भांडण इथे होतं. पाच डाव हरणं हा नुसता धूर होता. ज्याला विचारलं तर तो नाही म्हणेल अशी भीती वाटते, त्यालाच तर आधी विचारायला हवं. आणि चारिझार्डवाल्यानं निदान खरं सांगितलं. सगळ्यांसमोर असं खरं सांगायला छाती लागते.

कोंडी फोडली ती चित्रकारानं. तिचे बाबा भाजीचा व्यापार करतात. ती म्हणाली, "बाई, आमचे बाबा म्हणतात, भागीदारीतला माल एकट्यानं विकला तर तो सौदा धरायचा नाही. मला माहीत नव्हतं त्यानं विचारलं नाही ते." तिनं आठही कार्डं मोजून परत दिली. चारिझार्ड घेतला. घेताना त्याच्याकडे बघून म्हणाली, "बघावासा वाटला की माग. बघायला देईन."

पुढच्या शनिवारी स्पर्धा झाली. तिसऱ्या बाकाचा नंबर तिसरा आला. पहिला नाही. हिटमॉनचॅन परत आले म्हणून काही आपोआप जिंकता येत नाही! दोघांचा अबोला मात्र मंगळवारीच सुटला होता. डबा एकत्र खाताना मी पाहिलं. चित्रकारानं चारिझार्ड स्पर्धेत खेळवला का? छे! तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून भूगोलाच्या पुस्तकात ठेवला होता. तिला पहिल्यापासूनच ठाऊक होतं, तो कशासाठी आहे ते.

स्पर्धेनंतर चारिझार्डवाला माझ्याकडे आला. "बाई, पुढच्या वेळी मला सगळा चारिझार्डचा कॅट लिहू द्याल? वऱ्हाडासकट?"

"देईन की. पण यादी लिहून आण, आणि खाली दोघांच्या सह्या पाहिजेत."

सोमवारी यादी आली. साठ ओळी. खाली दोन सह्या. जोडीदारानं सहीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोन हिटमॉनचॅन तरी ठेवायचे'.

आता तुमच्यासाठी काम. कागदाचे साठ सारखे तुकडे करा. एकावर फुली मारा. घडी घालून डब्यात टाका, हलवा, आणि न बघता बारा काढा. फुली आली का ते लिहून ठेवा. तुकडे परत टाका. असं वीस वेळा करा. किती वेळा फुली आली? मग चार तुकड्यांवर फुली मारून हाच खेळ पुन्हा खेळा. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि घरच्यांना विचारा, हे असं का झालं असेल? त्यांनी सांगितलेलं आणि तुम्हांला वाटलेलं, दोन्ही मला पत्रानं कळवा. आणि तुमच्याकडे असं एखादं कार्ड, गोटी, भोवरा किंवा बॅट असेल, जी कधी जिंकून देत नाही पण सोडवतही नाही, तर तिच्याबद्दलही लिहा. तिला मी नावं ठेवणार नाही, वचन देते.

घंटा झाली. पुढच्या मधल्या सुट्टीत भेटू.

तुमच्या,
बाई